प्रार्थना रोज होते, मग घरातला राग का जात नाही?

पत्र (थोडक्यात): जय मसीह की. मी इंदूरला सुदामा नगरात राहते आणि सियागंजमध्ये एका पेढीवर हिशेबाचं काम करते. घरी यजमान, सातवीतला मुलगा आणि सासूबाई आहेत. बाप्तिस्म्याला बारा वर्षं झाली. रोज सकाळी वीस मिनिटं प्रार्थना करते, महिला सभा चालवते, मंडळीत सगळे म्हणतात की ताई फार प्रार्थनाशील आहेत. पण संध्याकाळी सातला घरात पाय टाकते, सासूबाई म्हणतात, "आजही उशीर?" आणि माझा तोल जातो. मुलावर ओरडते, भांडी आपटते, रात्री रडते. दर नव्या वर्षी वर्षात बायबल वाचून काढायचं ठरवते आणि लेवीयात, म्हणजे तिसऱ्या पुस्तकात, येऊन थांबते. पाळक साहेब म्हणतात, देवाच्या जवळ जा, स्वभाव आपोआप बदलेल. जवळ जायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि इतक्या वर्षांत बदलले नाही, तर माझा विश्वास खरा आहे का?

उत्तर: ताई, जय मसीह की.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो मनात असेपर्यंत बाकीचं काही लागू पडणार नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू बारा शिष्यांना नेमतो. चौदाव्या वचनात त्याची कारणं दिली आहेत आणि त्यातलं पहिलं हे की त्यांनी त्याच्याबरोबर असावं. प्रचाराला पाठवणं त्याच्या मागून येतं. तीनच वचनं पुढे याकोब आणि योहान या भावांना त्याने दिलेलं नाव आहे, गर्जनेचे पुत्र. म्हणजे ही माणसं कशी आहेत हे ओळखूनच त्याने त्यांना जवळ घेतलं. पुढे लूकच्या नवव्या अध्यायात शोमरोन्यांच्या एका गावाने त्यांना उतरू दिलं नाही, तेव्हा हेच दोघे विचारतात, आकाशातून आग पडून यांचा नाश व्हावा अशी आज्ञा करू का? त्याच अध्यायाच्या सुरुवातीला ते येशूच्या नावाने गावोगाव फिरून, रोगी बरे करून आलेले आहेत. सेवा झालेली होती, राग तसाच होता. येशूने त्यांना धमकावलं आणि सगळे मिळून दुसऱ्या गावी गेले. त्या दोघांना त्याने घरी पाठवून दिलं नाही.

आता प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा अध्याय काढा. शोमरोनात लोकांनी वचन स्वीकारलं असं यरुशलेमेत कळतं, आणि प्रेषित तिकडे कोणाला पाठवतात? पेत्राला आणि योहानाला. ज्या लोकांवर आग पाडायची होती, त्यांना पवित्र आत्मा मिळावा म्हणून योहान प्रार्थना करतो आणि त्यांच्यावर हात ठेवतो. परत येताना शोमरोन्यांच्या पुष्कळ गावांमध्ये दोघे सुवार्ता सांगत येतात. या दोन प्रसंगांच्या मधे येशूबरोबरचा सहवास आहे, बोलणी खाणं आहे, वधस्तंभ आणि पुनरुत्थान आहे, पवित्र आत्म्याचं येणं आहे. "आपोआप" मात्र कुठेच नाही. तुमचा राग अजून आहे एवढ्यावरून विश्वास खोटा ठरत नाही. तो राग रात्री तुम्हाला रडवतो, हे आत्मा तुमच्यात काम करत असल्याचं लक्षण आहे. बेफिकीर माणूस रडत नाही.

मग अडतंय कुठे? तुम्ही लिहिता की सकाळच्या वीस मिनिटांत मंडळीतले आजारी, मुलाची परीक्षा, यजमानांचं काम, देश आणि पुढारी, सगळ्यांसाठी मागता. त्या यादीत संध्याकाळचे सात कुठेच नाहीत. जिथे तुम्ही रोज पडता ती जागा प्रार्थनेच्या बाहेर राहिली आहे. देवासमोर शांत ताई बसतात आणि घरात दमलेल्या, भडकलेल्या ताई येतात, आणि या दुसऱ्या ताईंना देवासमोर यायची जणू परवानगीच नाही. जवळ जाणं म्हणजे तिला घेऊन जाणं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला वेल म्हणतो आणि फाट्याला, म्हणजे आपल्याला, वेलात राहायला सांगतो. फाटा आधी चांगला होऊन मग वेलाला जोडला जात नाही.

आता कामाचं बोलू. वर्षात पूर्ण बायबल हा बेत यंदा बाजूला ठेवा. बायबलात ११८९ अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-साडेतीन. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० संपवून जानेवारीच्या अखेरीस माणूस लेवीयात पोहोचतो आणि यज्ञांच्या विधींमध्ये अडखळतो. दोन दिवस चुकले की सात अध्याय मागे, मग अपराधीपण, मग पुस्तक बंद. बेत चांगला आहे, पण तुम्हाला आत्ता प्रभूला नीट बघण्याची गरज आहे आणि ते भराभर पानं उलटून होत नाही. मार्क घ्या. सोळा अध्याय, रोज दहा ते बारा वचनं, दोन महिने पुरतील.

सकाळच्या वीस मिनिटांत पाच वाढवा आणि ती पंचवीस मिनिटं अशी वाटा. पाच मिनिटं एक छोटं स्तोत्र, हळू, ओठ हलवत. दहा मिनिटं मार्क. शेवटची दहा मिनिटं प्रार्थना. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा आणि छापलेलं बायबलच वापरा, कारण मोबाइलवर वचन उघडलं की पेढीच्या ग्रुपचे निरोप आधी दिसतात. तुमच्याकडे एक दिवसाआड नर्मदेचं पाणी येतं आणि त्या सकाळी टाकी, बादल्या, मशीन यांतच तास जातो असं तुम्ही लिहिलंय. त्या दिवशी सकाळी फक्त स्तोत्र वाचा आणि मार्क दुपारच्या सुट्टीत पेढीवर. पाण्याच्या दिवशीही पंचवीस मिनिटांचाच हट्ट धरलात तर आठवड्यात तीन-चार दिवस बेत मोडेल आणि महिन्याभरात सुटेल.

मार्क कसा वाचायचा ते एका ठिकाणी दाखवते. पहिल्या अध्यायाच्या शेवटी, चाळिसाव्या वचनापासून, कुष्ठरोगी येतो. उतारा दोनदा वाचा. दुसऱ्यांदा वाचताना येशू काय करतो तेवढंच बघा. त्याला कळवळा येतो, तो हात पुढे करतो, त्या माणसाला स्पर्श करतो, आणि मग म्हणतो, शुद्ध हो. स्पर्श आधी आहे, बरं होणं नंतर. आता थांबा आणि स्वतःला विचारा, माझ्या घरात मी कोणाला हात लावायचं टाळते? सासूबाईंचे गुडघे दुखतात, रात्री त्या स्वतःच तेल चोळतात, असं तुमच्याच पत्रात आहे. वहीत एक ओळ लिहा, "आज रात्री आईंच्या गुडघ्यांना तेल." एवढंच. दिवसाला एक ओळ, आणि तीही अशी की रात्री झाली की नाही ते सांगता येईल. "आज मी प्रेमळ होईन" ही ओळ निरुपयोगी आहे, तिच्यात करण्यासारखं काही नाही.

प्रार्थनेच्या दहा मिनिटांतली पहिली पाच संध्याकाळच्या सातसाठी राखा. नावं घेऊन बोला. "प्रभू, काल आईंनी 'आजही उशीर' म्हटलं आणि मला वाटलं, दिवसभर राबून हीच किंमत. मला त्यांचा राग आला. अजूनही आहे." हे बोलायला भीती वाटत असेल तर स्तोत्र १३ उघडा. सहा वचनांचं आहे आणि त्याची सुरुवातच "किती काळ?" अशा तक्रारीने होते. तक्रार देवाकडे नेली की तिचं ओझं हलकं व्हायला लागतं. तीच तक्रार भांड्यांकडे नेली की वाढते. मंडळीत तुम्ही हिंदीत प्रार्थना करता, ती सुंदरही होत असेल. पण एकटीच्या वेळी त्या भाषेत बोला ज्या भाषेत तुम्ही चिडता. घरची मराठी, मधे येणाऱ्या हिंदी शब्दांसकट. सभेतली वाक्यं एकांतात आली की माणूस नकळत कोणाला तरी ऐकवायला लागतो.

आता सातचं दार. मनुष्य चिडतो ते एका क्षणात, पण तो क्षण अर्धा तास आधीपासून शिजत असतो. तुम्ही एकला डबा खाल्लेला, त्यानंतर दोन कप चहा, मग सियागंजपासून घरापर्यंतची गर्दी. पोट रिकामं, डोकं तापलेलं. निघण्याआधी पेढीवरच मूठभर सेव-परमल किंवा चणे खा. याला अनात्मिक समजू नका. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात एलीया संदेष्टा मरण मागतो, तेव्हा देव त्याला उपदेश करत नाही. एलीया झोपतो, देवदूत त्याला उठवून भाकर आणि पाणी देतो, तो पुन्हा झोपतो, पुन्हा त्याला खायला देतो. देवाची मंद वाणी त्यानंतर, होरेब डोंगरावर येते.

मग गाडी घराखाली लावल्यावर लगेच वर जाऊ नका. तीन मिनिटं तिथेच उभ्या राहा. स्तोत्र १४१ चं तिसरं वचन पाठ करून ठेवा, ज्यात परमेश्वराला विनंती आहे की माझ्या तोंडावर पहारा बसव आणि ओठांचं दार राख. ते एकदा म्हणा. मग आत शिरल्यावर बोलायचं पहिलं वाक्य तिथेच ठरवा: "हो आई, उशीर झाला. तुम्ही चहा घेतलात का?" आयत्या वेळी चांगलं वाक्य सुचत नाही, तोंडाला सवयीचंच येतं. याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश आणि रागाला मंद असावं असं सांगितलंय, आणि हा क्रम उलटा केला तर चालत नाही. आधी ऐकणं. "आजही उशीर?" यात टोमणा असेलही, पण दिवसभर घरात एकट्या बसलेल्या म्हाताऱ्या बाईची काळजीही त्यात असू शकते. ऐकल्याशिवाय ते कळणार नाही.

तरीही तोल जाईल. पहिल्या महिन्यात बऱ्याचदा जाईल. त्यानंतर काय करायचं हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण बहुतेक विश्वासणारे इथेच गळतात. ते देवाजवळ रडतात आणि घरच्यांजवळ गप्प राहतात. इफिसकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका असं आहे. तुमचा राग मुळात सूर्य मावळल्यावरच येतो, तेव्हा तुमच्यासाठी दिवे मालवेपर्यंत असं धरा. ज्याच्यावर ओरडलात त्याच्याजवळ जा आणि तीन गोष्टी सांगा: काय केलं, ते चुकीचं होतं, मला क्षमा कर. "आई, मी मघाशी तुमच्यावर आवाज चढवला. ते चुकलं. मला क्षमा करा." इथे थांबा. "पण तुम्हीही" हे शब्द आले की क्षमा मागणं संपून भांडण सुरू होतं. "तुम्हाला वाईट वाटलं असेल तर" हेही नको, त्यात चूक समोरच्याच्या वाटण्यावर जाते. समोरून उत्तर आलं नाही, तोंड फिरवलं, तरी तुमचं काम झालं. त्यांनी लगेच विरघळावं ही अपेक्षा ठेवू नका, बारा वर्षांचं साचलेलं आहे.

मुलाचीही क्षमा अशीच मागा. आईने मुलाची क्षमा मागितली तर धाक जातो ही समजूत चुकीची आहे. धाक आरडाओरड्याने जातो. प्रार्थना करणारी आई घरात कशी वागते हे तो रोज बघतोय, आणि उद्या तो चर्चला येईल की नाही हे त्याच्यावर बरंच अवलंबून आहे.

रात्री झोपण्यापूर्वी पाच मिनिटं, जास्त नाही. स्तोत्र १३९ ची शेवटची दोन वचनं म्हणा, ज्यात देवाला आपलं अंतःकरण तपासायला सांगितलंय. मग दिवस आठवा: आज देवाची मदत कुठे जाणवली, कुठे पडले, उद्या काय वेगळं करायचं. पाप आठवलं की कबूल करा, एकदाच. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, नवव्या वचनात, कबूल केलं तर देव विश्वासू आहे आणि क्षमा करतो असं अभिवचन आहे. त्याच पापासाठी तीन रात्री रडणं म्हणजे ते अभिवचन पुरेसं नाही असं म्हणणं. तुमच्या रात्रीच्या रडण्यातलं थोडं असंच वाटतं. शिवाय तासभर रडून उशिरा झोपल्यावर सकाळी साडेपाचला डोळे उघडत नाहीत, प्रार्थना चुकते, आणि संध्याकाळ आदल्या दिवसापेक्षा वाईट जाते. म्हणून पाच मिनिटांची मर्यादा.

प्रयत्न आपण करायचा की देवाने बदलायचं, या वादात पडू नका. पेत्राच्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात दोन्ही एकत्र आहेत. तिसऱ्या वचनात देवाच्या सामर्थ्याने आपल्याला सगळं दिलंय असं आहे आणि पाचव्यात, म्हणूनच होईल तितका प्रयत्न करा, असं. तिथूनच पुढे विश्वासात सात्त्विकता, ज्ञान, इंद्रियदमन, धीर अशी एकेक भर घालायला सांगितलंय. तुम्हीही एका वेळी एकच घ्या. आत्म्याच्या फळातले नऊ गुण गलतीकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात आहेत, त्यांतली सहनशीलता सहा आठवडे धरा. सगळं एकदम धरलं की काहीच हातात राहत नाही.

मंडळीतली एक बहीण निवडा, वयाने थोडी मोठी, पोटात गोष्ट ठेवणारी. दोनदा विचार करून निवडा. आठवड्यातून एकदा अर्धा तास, फोनवरही चालेल. तिने तुम्हाला एवढंच विचारायचं: या आठवड्यात किती वेळा ओरडलात, आणि क्षमा मागितलीत का? मग दोघींनी प्रार्थना. महिला सभेत मात्र "माझ्या सासूसाठी प्रार्थना करा" असं मांडू नका. ती विनंती चार घरांत चहाबरोबर फिरते आणि शेवटी सासूबाईंच्या कानावर येते. तुम्ही सभा सोडावी असं मी म्हणत नाही, पण पुढचे तीन महिने नवी जबाबदारी घेऊ नका. लोकांच्या कौतुकाने माणूस आपण पोहोचलो असं समजायला लागतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशू दार लावून गुप्तपणे प्रार्थना करायला सांगतो ते याचसाठी.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते. स्वयंपाक, मुलाचा अभ्यास, सासूबाईंची औषधं आणि नोकरी, हे सगळं एकटीवर असेल तर नुसत्या सहनशीलतेने भागणार नाही. यजमानांशी रविवारी दुपारी, राग नसताना, बोला. कुकर लावणं आणि मुलाचा गृहपाठ ही दोन कामं त्यांनी घ्यावीत असं नेमकं मागा. "मला मदत करा" एवढ्याने काही होत नाही. मुलावर हात उगारला जात असेल किंवा कित्येक आठवडे झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरकडे जाण्यात विश्वासाची कमी नाही.

प्रार्थना कोरडी वाटेल असे आठवडे येतील. तेव्हा वेळ बदलू नका, स्तोत्र बदला. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते देवाशीच बोलत राहतं. वाढ मनाच्या उमाळ्यावरून मोजू नका. ती अशी दिसते: आधी ओरडून झाल्यावर रात्री लक्षात येतं, मग ओरडता ओरडता लक्षात येतं, मग कधीतरी तोंड उघडण्याआधी. चूक आणि क्षमा यांच्यातलं अंतर दोन दिवसांचं असेल तर ते दोन तासांवर येतं. हे तुम्हाला कळण्याआधी सासूबाईंना कळेल. त्यांना विचारू मात्र नका, विचारलं की पुन्हा शाबासकी शोधणं सुरू.

या महिन्याचं प्रभुभोजन येतच असेल. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायला जा असं आहे, तेव्हा सासूबाईंशी शनिवारी रात्रीच बोला, तेलाची वाटी घेऊन. रविवारी सकाळी सगळ्यांच्या आंघोळी आणि निघायची घाई यांत ते बोलणं होणार नाही.